उजेड दिसणाऱ्यांनी हात वर करावा

मामांनी चहा बशीत ओतला, पण बशी तिथे नव्हती. बशी वीतभर पलीकडे होती. चहा वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांवर सावकाश पसरत गेला आणि मामा समोरच्या भिंतीकडे प्रसन्न चेहऱ्याने बघत राहिले.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हात जोडले. "समाधी लागली," ती हळूच म्हणाली.

"मामी, चहा सांडलाय."

"तुला नाही कळायचं ते. काल जिन्यात असेच उभे होते, पाय पुढे टाकेनात. काय झालं म्हटलं, तर म्हणाले, इथे पायरी आहे का गं? बघ आता. साधी पायरी दिसेनाशी झालीय त्यांना, इतके वर गेलेत."

मी फडकं आणलं आणि निधनवार्ता पुसल्या.

मी तेव्हा विट्याला मामांकडे राहून कॉलेज करत होतो. म्हणजे मी काही करत नव्हतो, कॉलेजलाच माझं जे करायचं ते करू देत होतो. माझे मामा, पद्माकर टेंभे, एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या कुठे लागल्यात ते माइकवर सांगायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर त्यांनी ते स्वच्छ उच्चारांत सांगितलं आणि आयुष्यभर लोक त्यांच्या खिडकीशी येऊन "ओ साहेब, कराड कुठं लागलीय?" म्हणून विचारत राहिले. लहानपणी विटी लागल्यामुळे त्यांचा उजवा डोळा नावापुरताच होता, उजेड-अंधार कळण्यापुरता. सगळा कारभार डाव्या डोळ्यावर, आणि त्याच्यापुढे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढी जाड काच.

रिटायर झाल्यावर मामा आप्पा शेट्यांच्या ध्यानमंडळात जाऊ लागले. दर गुरुवारी सकाळी देवळामागच्या हॉलमध्ये सगळे डोळे मिटून बसत. मग घंटा वाजे, डोळे उघडत, आणि एकेकाने उठून आपला अनुभव सांगायचा, हा मंडळाचा नेम होता. आप्पांना पांढरा उजेड दिसे, कधी सोनेरी. सणावाराला दोन्ही. कुंभोजकर आजींना निळा. भोसले सरांना ओंकार दिसे आणि तोही वळणदार अक्षरात, कारण ते चित्रकलेचे शिक्षक होते. मग मामांची पाळी येई. मामा उठत, चष्मा सारखा करत आणि म्हणत, "काही नाही." आणि बसत. वर्षानुवर्षं. एकदा बिचाऱ्यांनी लोकांचा हिरमोड नको म्हणून, "आज जरा डुलकी लागली," एवढी भर घातली होती.

आणि त्या महिन्यात एका गुरुवारी मामा उठले आणि म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं. विजेसारखं. दोन-तीनदा."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मामांना मिठीच मारली. पुढच्या गुरुवारी मामा म्हणाले, आता काळे ठिपकेही तरंगतात, मधेच कोळ्याचं जाळं हलल्यासारखं वाटतं. आप्पा म्हणाले, "वासना गळून पडतायत, पद्माकर."

घरी आल्यावर मामीने विचारलं, "एवढ्या वासना होत्या तुम्हाला? मला कधी दिसल्या नाहीत त्या."

मग तर मंडळात उजेडाची साथच आली. ज्यांना आधी अधूनमधून दिसायचा त्यांना रोज दिसू लागला. एकाला भाजी निवडताना दिसला. पण मामांची सर कुणाला नव्हती, कारण मामा कसं दिसलं ते सांगताना अडखळत, आणि बाकीचे अजिबात अडखळत नसत. आप्पांनी जाहीर केलं की पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता पद्माकर टेंभे यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, पेढे आणि अनुभवकथन.

चहा सांडला तो त्या गुरुवारीच.

मामी आत गेल्यावर मी बिस्किटांचा डबा उघडला आणि मामांच्या छातीखाली धरला. "घ्या मामा."

"काय?"

"बिस्किट."

ते समोर बघत राहिले. मग मान खाली घालून, कोंबडी दाणा शोधते तशी, त्यांनी डबा शोधला. मी डबा मिटला आणि त्यांना गच्चीवर घेऊन गेलो. जिन्यात प्रत्येक पायरीला त्यांचा पाय आधी हवेत चाचपत होता.

"मामा, तुम्हाला खालचं दिसत नाही."

"दिसतं की."

"माझ्या पायात काय आहे?"

"चप्पल."

"मी अनवाणी आहे."

मामांनी कठड्याला हात टेकला. मग, गाडी उशिरा येणार असल्याचं सांगायच्या त्यांच्या जुन्या आवाजात, म्हणाले, "काल दुपारपासून आहे. खालून काळी सावली चढतेय. पाण्याची टाकी भरते ना, तशी."

"आता कुठवर आलीय?"

त्यांनी माझ्या डोळ्यांत नजर रोखली. "तुझी हनुवटी गेली," ते म्हणाले. "ओठ आहेत अजून."

मी थट्टेखोर माणूस आहे. घरात कुणी गेलं तरी मला तिरडीच्या गाठीवरून काहीतरी सुचतं. त्या गच्चीवर मला काही सुचलं नाही.

"चला. डॉक्टरांकडे."

"दुपारी जाऊ."

"मामा, हा काहीतरी आजार आहे."

"माहीत आहे मला."

मी कठड्याला टेकलो.

"पहिल्या दिवशी नव्हतं माहीत," मामा म्हणाले. "पहिल्या दिवशी खरंच वाटलं रे, की आलं. मला पण आलं. नंतर मान हलवली की चमकायचं, अंधारात संडासला उठलो की चमकायचं. देव कशाला संडासात दर्शन देईल? तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मक्या, मी जन्मभर माइकवर बोललो. ऐकलं कुणी? त्या दिवशी मी दोन वाक्यं बोललो, तर लोकांनी पंखा बंद करून ऐकलं. नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला, लेका." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुसून काही फरक पडणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "आता जाऊन काय सांगू? की तो उजेडबिजेड काही नव्हता, टेंभ्याचा डोळा बिघडलाय? लाज वाटते रे. सत्कार होऊ दे. झाला की तू म्हणशील तिथे येतो."

"हा एकच डोळा आहे तुम्हाला."

"आणि सत्कारही एकच आहे. कुणाला बोललास तर माझी शपथ आहे तुला."

मामी खालून ओरडली, "अहो, आप्पांची गाडी आली!" मामा जिन्याकडे वळले. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवला, आणि स्वतःहून उतरताना शेवटची पायरी चुकून उंबऱ्याला धडकले. आप्पा दारातून म्हणाले, "बघा, देहभान राहिलं नाही."

मी गाडीत बसलो नाही. सायकल काढली आणि डॉक्टर मृणाल कुंभोजकरांच्या दवाखान्यात गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर. आमच्याच कॉलनीतल्या. पेशंट बसले होते, मी सगळ्यांना ओलांडून आत घुसलो.

"मॅडम, माझ्या एका मित्राला..."

"नंबर लाव बाहेर."

"त्याला डोळ्यात चमकतं. आता खालून सावली चढतेय."

त्यांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "मित्राचं वय काय?"

"साठीच्या पुढे."

"कॉलेजातला मित्र?"

"सीनियर आहे."

"सीनियरला चष्मा आहे? जाड? लांबचा?"

"बाटलीचं बूड."

"चमक कधीपासून? डोळ्यापुढे माशा, जाळं, असलं काही?"

मी सांगितलं. वासना गळल्याचं तेवढं गाळलं. त्या उभ्याच राहिल्या.

"हे बघ, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो, भिंतीला कागद चिकटवल्यासारखा. आपल्याला दिसतं ते त्याच्यामुळे. तो ताणला गेला की त्याला फक्त उजेड कळतो, दुखत नाही. म्हणून चमकतं. ठिपके आले म्हणजे तो बहुतेक फाटला. सावली आली म्हणजे भिंतीवरून सुटायला लागला. मधला भाग अजून चिकटलेला असेल तर नजर वाचते. मधला सुटला, की नंतर कितीही शिवा, पहिल्यासारखं होत नाही. हे दुपारी, उद्या, सोमवारी असं चालत नाही. घेऊन ये त्याला. आत्ता. आणि पोटात काही जाऊ देऊ नकोस, ऑपरेशन करावं लागेल."

"तो येणार नाही."

"का?"

"त्याचा सत्कार आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. "टेंभेकाका?"

"मॅडम, मी नाव घेतलेलं नाही. मला शपथ आहे."

"माझ्या सासूबाईंना मंगळवारपासून निळा जास्तच दिसतोय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं तपासते, तर म्हणाल्या, तुझ्या यंत्रात मावायचा नाही तो." त्यांनी सांगलीच्या एका सर्जनना फोन लावला, चालता चालता बोलल्या, कंपाउंडरला पेशंट थांबवायला सांगितलं आणि स्कूटरची किल्ली घेतली. "बस मागे."

हॉलमध्ये पोचलो तेव्हा सत्कार ऐन भरात आला होता. मामा मधोमध खुर्चीवर, अंगावर शाल, मांडीवर नारळ. बायका-पोरं रांगेने पाया पडत होती. मामांना ती दिसतच नव्हती. ते सगळ्यांच्या डोक्यांवरून दूर कुठेतरी बघत होते आणि कुणीतरी पायाला हात लावला की दचकून, उशिरा, "सुखी भव" म्हणत होते. त्या उशिरामुळे त्यांचं तेज आणखीच वाढलं होतं. माझ्यापुढच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "नजर बघा कुठे लागलीय. आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत."

मी जाऊन खुर्चीच्या बाजूला उकिडवा बसलो. "मामा, कुठवर?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हसरा चेहरा जराही न हलवता कुजबुजले, "ओठ गेले."

इतक्यात भोसले सर पेढा घेऊन आले. "घ्या टेंभे, तोंड गोड करा." पेढा मामांच्या तोंडाजवळ पोचला आणि मी तो खाल्ला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी आयुष्यात फार कमी विद्यार्थ्यांकडे पाहिलं असेल. मागून मामी पेढा घेऊन आली. तोही मी खाल्ला. मग कुंभोजकर आजी आल्या. मग आप्पांच्या सूनबाई. मामांच्या तोंडाच्या दिशेने निघालेला प्रत्येक पेढा मी वाटेत अडवत होतो. लोक कुजबुजू लागले. "भाचा आहे," कुणीतरी म्हणालं. "नापास आहे." मामीचा चेहरा लाजेने उतरला होता. तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यात पेढा होता.

आप्पा माइकवर बोलत होते. "...आपल्या सर्वांना उजेड दिसतो. पण पद्माकररावांनी तो किती नम्रपणे..."

"आप्पा, एक मिनिट," म्हणत डॉक्टर कुंभोजकरांनी माइक घेतला. आप्पांना वाटलं, यांनाही काहीतरी दिसलं. ते आनंदाने बाजूला झाले.

"मला एवढंच विचारायचं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इथे उजेड कुणाकुणाला दिसतो? त्यांनी हात वर करावा."

सगळ्या हॉलचे हात वर गेले. भोसले सरांनी कोपरापासून ताठ केला. कुंभोजकर आजींनी दोन्ही केले आणि सुनेकडे जिंकल्यासारखं पाहिलं. आप्पांचा सगळ्यांत उंच. मामांचा हातही वर होता, शाल खांद्यावरून घसरली होती.

"छान. मनातल्या उजेडाशी माझं भांडण नाही. तो तुमचा तुम्ही बघा. पण हल्ली हल्ली सुरू झालेली चमक, डोळ्यापुढे काळे ठिपके, एखाद्या बाजूने सावली, हे ज्यांना या डोळ्यांनी," त्यांनी स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं, "खरोखर दिसतं, त्यांच्या डोळ्याच्या आत फाटलेलं असू शकतं. त्यांना मी आत्ता सांगलीला पाठवणार आहे. बहुतेक आजच ऑपरेशन होईल. डोळ्यात सुई जाईल. उशीर केला तर डोळा जाईल. ज्यांना दिसतो, त्यांनी हात वरच ठेवावा."

आधी काहीच झालं नाही. मग भोसले सरांनी वर केलेल्या हाताने डोकं खाजवलं, आणि खाजवून झाल्यावर तो हात परत वर गेला नाही. एकाने घड्याळ बघितलं. एका बाईंनी पदर सारखा केला. "माझा तसा मनातलाच गं," कुंभोजकर आजी सुनेला म्हणाल्या, आणि एक एक करून दोन्ही हात खाली घेतले. मागच्या रांगांतले हात कधी गेले कळलंच नाही, नुसती कपड्यांची सळसळ ऐकू आली. ज्यांना भाजी निवडताना दिसला होता ते चपला शोधायला गेले.

आप्पांचा हात राहिला होता. ते वर, छताच्या पंख्याकडे बघत होते. मग हात हळूहळू, त्यांच्या नकळत उतरावा तसा, उतरला.

एकच हात वर राहिला.

मामा तसेच बसले होते, नजर दूर, हात उंच, स्टँडवर गाडीला थांबा म्हणून खूण करावी तसा. ते मान थोडी इकडेतिकडे वळवत होते.

"मक्या," ते हळू आवाजात म्हणाले. "मघाशी हात दिसत होते. आता दिसत नाहीत. सावलीत गेले का रे सगळे?"

हॉलमध्ये पंखा बंद होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाही मामा," मी म्हणालो. "खाली गेले."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"आप्पांचा?"

मी त्यांची घसरलेली शाल खांद्यावर ओढली. मामांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा लाल होत गेला, कानांपासून. शरमेने. ज्यांनी हात खाली घेतले होते त्यांच्या वाटची सगळी शरम तो एकटा माणूस आपल्या चेहऱ्यावर घेऊन बसला होता. तरी हात त्यांनी खाली केला नाही. मला वाटतं, त्यांना करताच येईना. त्यांना दिसला होता.

शेवटी डॉक्टरांनीच जाऊन तो हात धरला आणि खाली घेतला. "काका, चला."

लोक बाजूला झाले. मघाशी रांग लावून पाया पडणाऱ्यांपैकी एकानेही आमच्याकडे पाहिलं नाही. जो तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. मामीला आत्ता कुठे उलगडलं होतं. ती चालता चालता एकच वाक्य म्हणत राहिली, "मी समाधी म्हणत होते. अहो, मी समाधी म्हणत होते."

गाडी आप्पांचीच होती. त्यांनी कुणाला विचारलं नाही, नुसती दार उघडून उभे राहिले. मागच्या सीटवर मामा आडवे, डोकं मामीच्या मांडीवर. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसू देऊ नका. पुढे मी, पोटात निम्म्या मंडळाचे पेढे. सांगलीच्या रस्त्यावर आप्पा लग्नातल्या घोड्याच्या चालीने गाडी हाकत होते, आणि प्रत्येक खड्ड्याला "माफ कर, पद्माकर" म्हणत होते. बरेच खड्डे होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की सपाट रस्त्यावरही ते तेच म्हणतायत.

"मला काही दिसलेलं नाही," आप्पा एकदम म्हणाले. "कधीच."

त्यांनी पुढचा खड्डा चुकवला.

"पहिल्यांदा सुरू केलं ना मंडळ, तेव्हा लोक डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले. वाट बघत होते रे. काहीतरी म्हणायला हवं होतं."

"आणि सोनेरी?" मामांनी विचारलं.

"तो आंघोळ करताना ठरवायचो. या वेळी कुठला सांगायचा ते."

मामा हसू लागले. मामीने "हलू नका" म्हणून त्यांच्या कपाळावर हात दाबला. ते हसणं दाबून धरत होते आणि त्यांच्या पोटावरचा नारळ, जो कुणीच काढून घेतला नव्हता, वरखाली होत होता. मग हसणं थांबलं.

"आप्पा," मामा म्हणाले, "मला तुमचा हेवा वाटायचा."

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

"अहो, इथे काय रडताय!" मामी कडाडली. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "डोळा चाललाय माणसाचा. गाडी चालवा!"

आप्पांनी गाडी चालवली. या वेळी नीट.

सांगलीच्या सर्जननी मामांच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकले आणि पुष्कळ वेळ आत पाहिलं. मी मागे उभा होतो. मामांना शेवटचं विचारलं तेव्हा माझं नाक निम्मं गेलं होतं.

"मधला भाग अजून चिकटलाय," सर्जन म्हणाले. "अगदी काठावर. सत्कार वगैरे लांबला असता, तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. पोटात काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं माझ्या पोटात आहे."

संध्याकाळी ऑपरेशन झालं. आत गॅसचा फुगा सोडला होता, सुटलेला पापुद्रा जागेवर दाबून धरायला. तो फुगा नीट बसावा म्हणून मामांनी काही दिवस पालथं पडून राहायचं होतं. तोंड खाली. जेवणापुरतं उठायचं, तेही मान खाली घालून. भूल उतरल्यावर उशीत तोंड खुपसलेल्या मामांचा पहिला आवाज आला, "शपथ मोडलीस."

"हो."

"पेढे कसे होते?"

"साखर जास्त होती."

"हं," मामा उशीत म्हणाले.

घरी आल्यावर मंडळाचे लोक येऊ लागले, पण लगेच नाही. आधी कुणी येईना. मग मामी भाजी आणायला गेली तेव्हा भोसले सर तिला बघून दुकानात शिरले, आणि ते दुकान बांगड्यांचं निघालं. त्यानंतर लाज जरा सैल झाली असावी, एकेक जण दाराशी येऊन उभा राहू लागला. पण भेटायचं कसं? मामा पलंगाच्या कडेवर कपाळ टेकून पालथे, चेहरा जमिनीकडे. त्यांचं तोंड बघायचं तर खाली चटईवर उताणं झोपून पलंगाखाली सरकावं लागे. बहुतेकांना ही व्यवस्था सोयीची वाटली. ते उभ्यानेच मामांच्या पाठीशी बोलत, पाठीला "काळजी घ्या" म्हणत आणि जात.

आप्पा एकटे आले. त्यांनी टोपी काढली, चटईवर बसले, मग गुडघ्यांना हात लावत, कण्हत, उताणे झाले आणि सरकत सरकत मामांच्या चेहऱ्याखाली गेले. तिथून त्यांचा आवाज आला.

"पद्माकर."

"आप्पा."

"मंडळ बंद केलं मी."

"कशाला? बसा की गप्प. मला आवडायचं ते."

दारात भोसले सर आणि कुंभोजकर आजी येऊन उभे राहिले होते, आत यावं की नको असे. मग आप्पांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज अगदी लहान झाला, "आता काही दिसतं का रे? आतमध्ये?"

त्या प्रश्नात मला जी आस ऐकू आली, तिची मला आजही आठवण झाली की मान खाली जाते. एवढं सगळं होऊनही त्या म्हाताऱ्याला अजून ऐकायचं होतं. दारातल्या दोघांनाही.

मामांनी कपाळ कडेवरून जरा सरकवलं.

"नाही आप्पा," ते म्हणाले. "तुमचा चेहरा दिसतोय. धुरकट. दाढी वाढलीय तुमची."

आप्पा खालून बाहेर सरकले. मी त्यांना उठायला हात दिला. ते गेले, दारातले दोघं त्यांच्यामागून.

मग मी त्यांच्या जागी आडवा झालो. वर मामांचा चेहरा होता, दाबून सुजलेला, डाव्या डोळ्याचं पांढरं रक्तासारखं लाल. पण डोळा माझ्याकडे बघत होता. हनुवटी, ओठ, नाक, सगळं धुक्यातून एकेक करून तपासत होता.

"सगळा आहेस," मामा म्हणाले.

"काहीच दिसत नाही म्हणालात आप्पांना, ते खरं का?"

मामांनी दाराकडे कान देऊन बाहेरचं फाटक लागल्याचा आवाज होऊ दिला.

"एक गोल दिसतो," ते मग म्हणाले. "चांदीसारखा. कडेने निळसर. मी श्वास घेतला तरी थरथरतो. डॉक्टर म्हणाले, तो त्यांचाच फुगा आहे, रोज थोडा लहान होईल आणि एक दिवस संपेल." ते थांबले. "मक्या, मी जन्मात एवढं सुंदर काही बघितलेलं नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"हा माझ्यापुरता राहू दे," मामा म्हणाले.

आम्ही तसेच पडून राहिलो, त्यांचं तोंड खाली, माझं वर. ते फुगा बघत होते, मी त्यांचा डोळा. थोड्या वेळाने त्या डोळ्यातून एक थेंब सुटला आणि माझ्या कपाळावर पडला. औषधाचा असावा. मी विचारलं नाही.